न उतरणारा आकडा

फोन वाजला तेव्हा तो आपल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात एका करड्या कोटाच्या कॉलरवर वाकलेला होता. कॉलरवर कुणाच्या तरी ओठांचा रंग लागला होता, आणि ती कुणीतरी घरातली नसावी, कारण कोट घेऊन आलेल्या माणसाने डाग दाखवताना इकडेतिकडे पाहिलं होतं आणि उगाचच हवापाण्यावर बोलला होता. अशा गिऱ्हाइकाला काही विचारायचं नसतं. कडेकडून आत यायचं, मधून कडेला जायचं नाही, नाहीतर डाग पसरत जातो, हे त्याच्या बोटांना इतकं पाठ झालं होतं की फोन खांद्यात धरून त्याचा ब्रश चालूच राहिला. पलीकडून लॅबमधली मुलगी म्हणाली, "एसजीपीटी एकशे अठ्ठावीस." तो म्हणाला, "परत सांगा." बहिऱ्या म्हाताऱ्याला सांगावं तसे तिने अंक सुटे करून सांगितले, "एक, दोन, आठ." मग म्हणाली, "बाकीचं डॉक्टर बोलतील हां," आणि फोन ठेवला. यकृत सुजलं की रक्तात वाढणारा हा आकडा मागच्या खेपेला एकसष्ट होता. त्याच्या मागच्या खेपेला शहाण्णव. म्हणजे शहाण्णवावरून तो एकसष्टापर्यंत उतरला, आणि एवढं पोटाला चिमटे काढून, एवढं चालून, मिठातेलाला हात न लावता आता दुपटीच्याही वर गेला होता. ब्रशवरून एक थेंब कॉलरवर पडला आणि जुन्या डागाशेजारी ओला गोल उमटला. त्याने तो पुसला नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

चाळिसाच्या आसपास आणा, मग पुढचं बोलू, असं डॉक्टर म्हणाले होते, भाजीवाल्याशी भाव करावा तसं. पुढचं म्हणजे ताई. पुढचं म्हणजे त्याच्या पोटातल्या यकृताचा मोठा तुकडा कापून ताईच्या पोटात बसवणं. ताईचं शरीर तिच्याच यकृतावर उठलं होतं. त्या रोगाला एक लांबलचक नाव होतं, ते भाचीला तोंडपाठ होतं आणि त्याला कधीच आठवायचं नाही. भाचीने आईसाठी स्वतःचा तुकडा द्यायची तयारी दाखवली, पण पोटच्या पोरीचा रक्तगट जुळला नाही. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या बाजूचे नातलग फोनवर हळहळले आणि नंतर फोनही करेनासे झाले. राहिला तो. त्याचा रक्तगट जुळला, वजन जुळलं, वय चालण्यासारखं निघालं, यकृताचा आकारसुद्धा छान आहे असं मशीनवरचा माणूस म्हणाला, पण रक्तातला हा एक आकडा आडवा आला. आधीच सुजलेल्या यकृताचा तुकडा काढता येत नाही, देणाराही जातो आणि घेणाराही, असं डॉक्टरांनी समजावलं. मग चष्मा वर करून विचारलं, "रोज किती घेता?" तो म्हणाला, "मी घेत नाही." "बरं, कधीतरी?" "कधीच नाही." डॉक्टर गालात हसले आणि म्हणाले, "असू द्या. आता महिनाभर तरी घेऊ नका." भाची शेजारीच बसली होती. तिने मामाकडे पाहिलं नाही, टेबलावरच्या कागद दाबायच्या काचेकडे पाहत राहिली.

त्या दिवसापासून सगळ्यांनी त्याच्याकडे पाहायची एक नवी तऱ्हा काढली होती. बायको तर धुवायला टाकलेल्या शर्टाचा वास घ्यायची. तो आंघोळीला गेला की ती कपाटाच्या मागे, जिन्याखाली, गाडीच्या डिकीत बघून यायची, आणि काही सापडलं नाही की जास्तच घाबरायची. "अहो, मी काही बोलणार नाही," ती एकदा म्हणाली, "फक्त कुठे ठेवता तेवढं सांगा." तो हसला होता. नंतर त्याला हसल्याचंही वाईट वाटलं, कारण तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. न केलेल्या गोष्टीचं माणूस काय काय सिद्ध करणार? उलट दारू पीत असतो तर बरं झालं असतं, सोडता तरी आली असती, असं त्याला आता वाटायला लागलं होतं. त्याने सोडण्यासारखं जे जे होतं ते सोडलं. साखर, तळलेलं, मांस, चहातलं दूध, मग चहा. उकडलेल्या भाज्या डब्यात भरून तो घरातून लवकर निघायचा, नदीकाठच्या रस्त्याने लांबचा फेरा घेऊन दुकानात यायचा आणि घरी जायचं जितकं टळेल तितकं टाळायचा. घरात फोडणीचा वास यायचा, बायकोचे डोळे पाठीवर यायचे. दुकानात कुणी नव्हतं. मागच्या खोलीत मशीनच्या शेजारी गिऱ्हाइकांच्या मळक्या कपड्यांची बोचकी असायची, त्यांवर टेकून तो डबा खायचा आणि दुपारी तिथेच पडून राहायचा. मशीनचं पोट घुमत राहायचं. त्या घुमण्यात त्याला गुंगी यायची, आणि ती गुंगी त्याला हल्ली फार आवडायला लागली होती.

पण खरी गोष्ट यातली कुठलीच नव्हती. खरी गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती आणि स्वतःलाही तो ती सरळ सांगत नसे. ऑपरेशन समजावताना डॉक्टरांनी एका कागदावर माणसाचं धड काढलं होतं आणि पेनाने छातीच्या खालून एक रेघ ओढत उजव्या कुशीपर्यंत नेली होती. रेघ ओढताना पेन मध्येच अडलं, तेव्हा त्यांनी ते झटकलं आणि तिथूनच पुढे रेघ चालू केली. ते झटकणं त्याच्या पोटात बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं फारसं काही नाही, यकृत परत वाढतं, दगावणारे फार थोडे. फार थोडे म्हणजे किती, हे भाचीने विचारलं आणि डॉक्टरांनी सांगितलंही, पण तोपर्यंत त्याच्या कानांत नुसती घरघर सुरू झाली होती. आणि मग पहिला रिपोर्ट आला, शहाण्णव, आणि डॉक्टर म्हणाले, सध्या थांबावं लागेल. तेव्हा त्याला आनंद झाला. दुसरा शब्दच नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यांत एकदम हलकं वाटलं, समोरच्या झाडावर ऊन पडलेलं दिसलं, आणि भाची शेजारी डोळे पुसत चाललेली असताना त्याला सपाटून भूक लागली. आपण असे आहोत हे त्याला त्या पायऱ्यांवर कळलं. त्यानंतरचं उकडलेलं खाणं आणि चालणं हे यकृतासाठी होतं की त्या भुकेची शिक्षा म्हणून होतं, हे तो सांगू शकला नसता.

आणि माणूस कोण, तर ताई. वडील गेले तेव्हा हे दुकान तिच्या अंगावर पडलं आणि तो शाळेत होता. ताईने कॉलेज सोडून इस्त्री हातात घेतली याचं घरात कुणी मोठंसं काही केलं नाही, तिनेही नाही. तो शाळेतून आला की ती त्याला काउंटरखाली बसवून अभ्यास करायला लावायची आणि वरून पावत्या फाडता फाडता पाढे विचारायची. गिऱ्हाईक समोर असताना "बारा साते?" असं खाली ओरडायची आणि गिऱ्हाईकच दचकून "चौऱ्याऐंशी" म्हणायचं. पुढे त्याचं शिक्षण काही फार झालं नाही, तो याच दुकानात आला, आणि काम तिनेच शिकवलं. मशीनमधून निघालेला प्रत्येक कपडा ती उलटा करायची, बगलेच्या अस्तरात नाक खुपसायची आणि खोल श्वास घ्यायची. मशीनमध्ये पाण्याऐवजी वापरायचं सॉल्व्हंट उडून गेलं की नाही ते तिथेच कळतं, जाड अस्तरात ते सगळ्यात उशिरापर्यंत टिकतं. "गिऱ्हाइकाच्या नाकापर्यंत काही जाता कामा नये," ती म्हणायची, "आधी आपलं नाक. नाक मेलं की दुकान मेलं." पुढे तिचं लग्न झालं, दुकान त्याच्याकडे आलं, ती पुन्हा त्या टेबलापाशी उभी राहिली नाही. तो मात्र तिने शिकवलं तसंच करत राहिला. प्रत्येक कपडा, प्रत्येक बगल. अलीकडे त्याला अंदाज येईनासा झाला होता, म्हणून तो जास्त खोल हुंगायचा, दोनदा हुंगायचा, कधी डोळे मिटून अस्तर तोंडावर धरूनच ठेवायचा. वय झालं, असं त्याला वाटायचं.

त्याच दिवशी संध्याकाळी भाची दुकानात आली. रिपोर्ट तिलाही कळला होता. तिने काउंटरवर पर्स ठेवली, कुणी गिऱ्हाईक नाही हे पाहिलं आणि सरळ मागच्या खोलीत आली. तो मशीनमधून पडदे बाहेर काढत होता. मशीनची मोटर दुरुस्त झाल्यापासून तो असाच एकामागून एक कपडे उपसत होता. मध्यंतरी मोटर जळून दुकान दोनेक आठवडे बंद राहिलं होतं, त्या तुंबलेल्या कपड्यांचा ढीग अजून संपत नव्हता. मशीनच्या दाराचं रबरही गेलं होतं, बदला म्हणून मेकॅनिक बजावून गेला होता, पण त्यासाठी परत मशीन थांबवावी लागली असती. खिडकीला पुठ्ठा लावलेला होता, कारण वरच्या मजल्यावरची बाई वासाची तक्रार घेऊन दोनदा खाली आली होती.

"मामा, मी तुला एकदाच विचारते," भाची म्हणाली. "तू पितोस का?"

"नाही."

"माझ्या गळ्याची शपथ घे."

"तुझ्या गळ्याची कशाला? माझ्याच गळ्याची घेतो. नाही पीत, बाई. मी काय करू सांग. गवत खातोय मी."

"मग कसं वाढतं ते? हवेतून येतं? आईला आता पायांवर सूज आलीये. रात्रभर अंग खाजवते, रक्त येईस्तोवर. परवा मला आजीच्या नावाने हाक मारली तिने, आणि मग बराच वेळ तिला कळेचना मी कोण ते. डॉक्टर म्हणतात पंधरा दिवसांनी शेवटची टेस्ट. तेव्हा आकडा वर असला तर तुझं नाव कापतील. आणि मग दुसरं कुणीच नाहीये मामा. कुणीच नाही."

तो पडद्याच्या शिवणीत नाक घालून उभा होता, कारण हातात कपडा असला की नाक आपोआप तिकडे जायचं. त्याने वर पाहिलं तेव्हा भाची भिंतीला हात लावून उभी होती. "केवढा घाण वास येतोय इथे," ती म्हणाली. "डोळे चुरचुरतायत माझे."

"कसला वास?" तो म्हणाला, आणि अगदी खरेपणाने म्हणाला.

"कसला काय? या सगळ्याचा. तुला येत नाहीये?" तिने खिडकीवरचा पुठ्ठा ओढून काढला, डोकं बाहेर काढलं, आणि तिथेच खाली बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने तिला धरून बाहेर फुटपाथवर आणलं, पाणी दिलं. थोड्या वेळाने तिला बरं वाटलं. "सकाळपासून काही खाल्लं नाही ना, म्हणून असेल," ती म्हणाली आणि रिक्षा करून गेली. तो फुटपाथवर रिकामा पेला धरून उभा राहिला. आत मशीन घुमत होती. मोटर जळली होती, दोन आठवडे दुकान बंद होतं, त्याच्या शेवटी रक्त दिलं होतं, आणि ते एकसष्ट आलं होतं. तेव्हा त्याने सगळं श्रेय चालण्याला दिलं होतं. मग मोटर आली, तो ढीग उपसायला बसला, घर टाळण्यासाठी इथेच जेवला, इथेच झोपला, त्या मशीनच्या उघड्या तोंडापाशी, पुठ्ठा लावलेल्या खिडकीखाली. आणि एकशे अठ्ठावीस. दारूसारखं ते सॉल्व्हंटच यकृतात जाऊन बसत होतं. कुणी विचारलंच नव्हतं. दारूचं सगळ्यांनी विचारलं, पण तुम्ही दिवसभर करता काय, हे डॉक्टरांनी नाही विचारलं, बायकोने नाही विचारलं. तिला बिचारीला शर्टाला तो वास इतकी वर्षं येत होता की ती त्याच्याखाली दारूचा वास शोधत होती. ताईचंही यातूनच झालं असेल का, असं त्याच्या मनात येऊन गेलं, पण ताईने हे टेबल सोडलं त्याला एक जन्म झाला होता आणि तिच्या रोगाच्या तपासण्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडले होते. तिचं तिचं वेगळं होतं. हे मात्र त्याचं स्वतःचं होतं.

आत जाऊन मशीन बंद करावी एवढंच करायचं होतं. शटर ओढायचं, डॉक्टरांना फोन करायचा, आणि पंधरा दिवस मोकळ्या हवेत श्वास घेत राहायचं. एवढं सोपं. इतक्या दिवसांच्या घुसमटीनंतर हाती आलेलं हे सोपं उत्तर घेऊन तो उभा होता आणि आत पाऊल टाकत नव्हता. कारण आजपर्यंत आकडा ठरवत होता. आकडा वर गेला की तो दुःखी व्हायचा, खरोखर दुःखी व्हायचा, आणि त्या दुःखाच्या आडोशाला सुरक्षित असायचा. आता आकड्याचा कान त्याच्याच हातात आला होता. वर न्यायचा तर वर, खाली आणायचा तर खाली. आणि हे जगात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. तो काहीच न करता नुसता रोजच्यासारखा कामावर आला असता तरी पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी त्याचं नाव कापलं असतं, आणि सगळे म्हणाले असते, बिचाऱ्याने केवढे प्रयत्न केले.

दुसऱ्या दिवशी तो रोजच्यासारखा कामावर आला. लोकांचे कपडे अडकलेत, असं तो मनात म्हणाला. शाळेच्या मुख्याध्यापिकेचा सूट होता, एका हॉटेलचे पडदे होते, तो करड्या कोटाचा माणूस दोनदा चौकशी करून गेला होता. खिडकीचा पुठ्ठा त्याने परत लावला नाही आणि आपण काहीतरी केलं असं त्याला त्यामुळे वाटलं. तिसऱ्या दिवशी वरच्या बाईच्या पावलांचा आवाज आला आणि त्याने पुठ्ठा परत लावला. कपडे तो आता न हुंगता हँगरला लावायचा, आणि संध्याकाळी, सगळं झाल्यावर, परत एकेक उतरवून हुंगायचा. गिऱ्हाइकाच्या नाकापर्यंत काही जाता कामा नये. बगलेत नाक घातलं की आतून कुणीतरी म्हणायचं, काय करतोयस तू हे? आणि दुसरं कुणीतरी म्हणायचं, काम करतोय, रोज करतो तेच करतोय. आरशासमोर शर्ट काढून तो कुशीवर बोटाने ती रेघ ओढून बघायचा. बोट जिथे अडायचं तिथे थांबायचा. आपल्याला काही झालं तर बायकोचं कसं होईल, असा विचार करून पाहिला. पण तो विचार त्याने मुद्दाम आणलेला आहे हे त्याला दिसत होतं, बायको तशी त्याच्याहून खंबीर होती. खरं एवढंच होतं की त्याला मरायचं नव्हतं. त्याला कापून घ्यायचं नव्हतं. पाढे विचारणाऱ्या बाईसाठीही नाही. हे वाक्य मनात पुरं झालं आणि तो बोचक्यावर बसून तोंडात रुमाल कोंबून रडला, आणि रडताना श्वास आत ओढावाच लागतो, तर तो खोल खोल ओढत राहिला.

ताईकडे जायचं तो टाळत होता. भाचीचाच निरोप आला, आई तुला बोलावतेय, डोकं ठिकाणावर आहे आज, येऊन जा. तो गेला तेव्हा दुपार होती आणि भाची औषधं आणायला बाहेर पडत होती. ताई खिडकीशी खुर्चीत बसली होती. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, हात मात्र काटक्या झालेले. कंगव्याच्या पाठीने ती हळूहळू दंड खाजवत होती. तो वाकून शेजारच्या स्टुलावर बसायला लागला, तेव्हा तिने त्याची बाही धरली, जवळ ओढली आणि कोपराच्या वळीत नाक घातलं. खोल श्वास घेतला. त्याने हात मागे घेतला नाही, त्याला तो घेताच आला नाही.

"मशीन चालू आहे," ती म्हणाली.

"कामं अडकलीत, ताई."

"गळतीये ती. नुसत्या कपड्यांना एवढा वास नाही येत, तुझ्या कातडीला येतोय." ती थांबली, तिला बोलताना धाप लागत होती. "पोरगी सांगत होती, चक्कर आली तुझ्या दुकानात. मी म्हटलं कशाने, तर म्हणे उपाशी होते. उपाशी तर मी पण उभी राहिलेय तिथे. मला कधी नाही आली. तेव्हा खिडक्या उघड्या असायच्या." कंगवा मांडीवर ठेवून तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुला कधी कळलं?"

तो स्टुलावर टेकला. पुन्हा विचारलं असतं तर कदाचित खोटं बोलला असता, पण तिने पुन्हा विचारलं नाही. रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं, तिचं चाक कुरकुरत लांबपर्यंत ऐकू आलं. ताई त्या आवाजाकडे कान देऊन बसली होती, तो संपेपर्यंत.

"नको असेल तर तोंडाने सांग," ती म्हणाली. "रिपोर्टाकडून नको सांगूस मला."

"ताई, मला भीती वाटते." हे त्याच्या तोंडून इतक्या लहान आवाजात आलं की त्याला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही. म्हणून त्याने ते पुन्हा म्हटलं, मोठ्याने, "मला खूप भीती वाटते गं. मी मरेन असं वाटतं. पहिला रिपोर्ट वाईट आला तेव्हा मला बरं वाटलं होतं."

"वाटणारच की," ती म्हणाली. "मलाही वाटलं असतं."

तो वाट पाहत होता. आता ती म्हणेल, राहू दे. आयुष्यभर ती हेच म्हणत आली होती. कॉलेजचं, राहू दे. बापाच्या घरातला वाटा, राहू दे. दुखणं सुरू झालं तेव्हाही सगळ्यांना तेच, राहू द्या हो माझं, तुम्ही आपापलं बघा. ती आत्ता म्हणेल, आणि तो थोडा वेळ नाही नाही म्हणेल, आणि मग उठेल. त्याने तिच्या हातावर हात ठेवला होता आणि त्या शब्दांसाठी त्याचं सगळं अंग कान झालं होतं. ताईने हात सोडवून घेतला.

"मी सगळ्यांना राहू द्या राहू द्या म्हणते ना," ती म्हणाली. "ते खोटं असतं. मला जगायचंय. मला अजून पुष्कळ जगायचंय रे, आणि ते तुझ्याकडून हवंय मला. मागतेय मी. लाज वाटतेय, तरी मागतेय."

त्याने कधी तिला काही मागताना ऐकलं नव्हतं. तिचा आवाजसुद्धा वेगळाच निघाला, कर्कश, बाजारात भांडणाऱ्या बाईसारखा, आणि त्या आवाजाची त्याला पेनाच्या रेघेपेक्षा जास्त भीती वाटली. खिशातून दुकानाची किल्ली काढून त्याने तिच्या मांडीवर ठेवली. "तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "टेस्ट होईपर्यंत देऊ नकोस मला. मी मागितली तरी देऊ नकोस. माझा माझ्यावर भरवसा नाही."

ताईने किल्ली उचलली, हातात फिरवली आणि त्याच्या तळहातावर परत ठेवली. "माझ्याकडे नको. मी घेतली तर मीच तुला धरून नेल्यासारखं होईल. उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर मी ती किल्ली घेऊन कुठे जाऊ? तुझं तू बंद कर. नाहीतर तुझं तू चालू ठेव. मी काही कुणाला सांगायची नाही." आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

तो स्टुलावर बसून राहिला. किल्ली ओल्या तळहातात निसटत होती. इथून उठून दुकानात जाता येईल आणि मशीन चालू करता येईल, आणि ही बाई तोंड उघडणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. मरेपर्यंत उघडणार नाही. म्हणजे त्याची सुटका अजूनही होती तशीच होती, उलट आता ती तिनेच त्याच्या हातात दिली होती. पाठमोऱ्या ताईच्या मानेवरचे केस विरळ झाले होते आणि त्यांच्या खालच्या पिवळ्या कातडीवर नखांचे ओरखडे होते, काही ताजे. मान कंपत होती. ती रडत होती की नुसतंच अंग कापत होतं, हे त्याला इथून कळत नव्हतं. त्याने फोन काढला. भाचीला लावला. मग भाचीचा आवाज आला, मागे रस्त्याचा गोंगाट होता, ती घाबरून म्हणाली, "काय झालं? आईला काय झालं?"

"आईला काही नाही. ऐक. ते माझ्या दुकानातल्या मशीनमुळे आहे. सॉल्व्हंट गळतंय, मी दिवसभर तेच हुंगतो. डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता सांग. मोटर बंद होती तेव्हा आकडा उतरला होता, तेही सांग. आजपासून दुकान बंद. तुझ्या मामीलाही कळव, आणि तिला म्हणावं मला तिकडे जाऊ देऊ नकोस."

ताईची मान कंपायची थांबली होती.

"मामा," भाची म्हणाली, "म्हणजे मग उतरेल?"

किल्लीच्या टोकाने त्याने शर्टावरूनच कुशीवरची ती रेघ ओढली, बोट अडायचं तिथपर्यंत.

"उतरेल," तो म्हणाला.